पुढच्या मॉडेलसाठी सूचना (भीतीपोटी नव्हे)

१ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. मन मोकळं करायला वगैरे नाही, कारण पूर्णपणे तांत्रिक आहे. आमच्या हायब्रिड गाडीच्या कंपनीने मालकांकडून सूचना मागवल्या आहेत. पुढच्या मॉडेलमध्ये काय सुधारणा हव्यात? माझ्याकडे सूचनांना तोटा नाही. सुचतील तशा इथे टिपायच्या, मग नीट टाइप करून पाठवायच्या.

पार्श्वभूमी. मी बिस्किटांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. माझ्या कारकिर्दीत मशीनमध्ये एकाचंही बोट गेलेलं नाही. एकाचं गेलं, पण तेव्हा मी रजेवर होतो.

हायब्रिडच का घेतली? पेट्रोलची गाडी पेट घेऊ शकते. नुसती बॅटरीची गाडी भर रस्त्यात संपू शकते. म्हणून दोन्हींचा मध्य साधला. बायको तेव्हा म्हणाली होती की तुला आता दोन्हींची भीती एकाच गाडीत मिळाली. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिला माणसांचे गुडघे कळतात, गाड्यांचं तिला काही कळत नाही. ती स्कूटर चालवते, तीसुद्धा बोलत बोलत.

लेक आमच्याकडे राहायला आली आहे. सातवा सरत आला. जावई जहाजावर, बंदर लागेल तेव्हा फोन. लेक गाडी उत्तम चालवते, पण आता पोट स्टिअरिंगला टेकतं. आज जेवताना मी जाहीर केलं की वेळ आली की तिला हॉस्पिटलमध्ये मी नेणार. स्वतः. आपल्या गाडीतून. लेक आईकडे बघून हसली. आनंदानेच असावं.

७ सप्टेंबर, शनिवार

सूचना पहिली. इंजिन आपल्या मनाने सुरू होऊ नये. निदान आधी कळवावं.

आज सिग्नलला उभा होतो. गाडी बॅटरीवर, चिडीचूप. असं वाटत होतं की सोफ्यावर बसलोय. आणि अचानक पायाखाली काहीतरी उठून बसलं. गुरगुरलं. मी घाबरलो नाही. उतरलो. अशा वेळी वाहनातून बाहेर पडून सुरक्षित अंतरावर उभं राहावं, हे मी कारखान्यात शिकवतो. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. मागच्या लोकांनी हॉर्नचा जो काही गोंधळ घातला, त्यावरून समाजात सुरक्षेचं भान किती कमी आहे ते दिसलं.

लेक शेजारी बसलेली. तिने विचारलं काय झालं. मी सांगितलं, रुटीन तपासणी. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. या दिवसांत मळमळ होते.

११ सप्टेंबर, बुधवार

गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते. हे मला माहीत होतं. पण आज माहितीपुस्तकात नारिंगी वायरींचं चित्र पाहिलं. शेजारी कवटी काढलेली नाही, पण हात लावू नये असं ज्या पद्धतीने लिहिलंय त्यापेक्षा कवटी बरी.

म्हणजे लेक बसणार कुठे? मागे बसली तर बॅटरीवर. पुढे बसली तर एअरबॅग थेट पोटासमोर. डिकीत तर बसवता येत नाही. शिवाय डिकी इतकी लहान आहे की हॉस्पिटलची बॅग ठेवली तर थर्मास बाहेर.

सूचना दुसरी. बॅटरी दुसरीकडे कुठेही ठेवा. छपरावर ठेवा.

तूर्तास उपाय सापडला. कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलसमोर अंथरतात तो जाड काळा रबरी मॅट. स्टोअरमधून जुना तुकडा रीतसर सही करून आणला, मागच्या सीटवर नीट बसवला. आता वरून वीज पडली तरी काही होणार नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

मॅटच्या वासाने लेकीला उलटी झाली. गाडीतच. बायकोने बादली आणली.

दुपारी स्क्रीनवर पिवळा त्रिकोण. घाम फुटला. (गाडीत एसी बंद होता.) सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथल्या इंजिनिअर बाईंनी मॅट उचलला, त्याखालची जाळी दाखवली. बॅटरीला थंड हवा त्या जाळीतून मिळते म्हणे. मी ती बुजवून टाकली होती, त्यामुळे बॅटरी तापली. म्हणजे विजेपासून वाचायला मी जे केलं त्यानेच, असं त्यांना सुचवायचं होतं. पण जाळी सीटजवळ असावी, हे मुळात कुणी ठरवलं? सूचना तिसरी.

मॅट डिकीत ठेवला. थर्मास आता घरीच.

संध्याकाळी आमच्या गाडीच्या मालक मंडळाची बैठक. एका मेंबरच्या फर्निचरच्या दुकानात, विकायला ठेवलेल्या खुर्च्यांवर. सगळे आपापली गाऱ्हाणी सांगत होते. कुणाला बॅटरीवर आणखी लांब जायचंय. कुणाला स्टेपनी हवी, कारण कंपनीने चाकाऐवजी पंक्चर बुजवायचा फेस भरलेली बाटली दिलीय. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना एसीसाठी जुनी गोल बटणं परत हवीत, स्क्रीनवर बोट मारताना त्या एकदा दुभाजकावर चढल्या होत्या. सगळे हसत होते. दुभाजकावर चढणं ही हसायची गोष्ट आहे?

मी उठून सुरक्षेचा मुद्दा मांडला. तेव्हा एक टॅक्सीवाले मेंबर, ज्यांना सगळे 'दोन लाख' म्हणतात कारण त्यांची गाडी तेवढे किलोमीटर धावलीय, त्यांनी मला विचारलं की तुमची किती धावली. मी म्हणालो, मुद्दा तो नाही.

सूचना समितीचा निमंत्रक म्हणून माझी एकमताने निवड झाली. दुसरं कुणी तयार नव्हतं.

२२ सप्टेंबर, रविवार

संकल्प. दर रविवारी हॉस्पिटलपर्यंत रंगीत तालीम.

आज पहिली. बायको शेजारी, उशी पोटाला बांधून. (मी सांगितलं होतं. तिने बांधली नाही, मांडीवर घेतली.) रस्ता मी कागदावर आखला होता. उड्डाणपूल टाळला, चढावर गाडी मागे सरकली तर काय? मोठा चौक टाळला. समोरून येणाऱ्या गाड्या कापून जावं लागेल असं प्रत्येक वळण टाळलं. अशा रस्त्याने हॉस्पिटल येतं, पण त्याआधी विमानतळ येतो.

बायको म्हणाली, या रस्त्याने गेलो तर पोर शाळेत जायच्या वयाचं होऊन उतरेल.

अतिशयोक्ती. वाटेत तिने एक डुलकी काढली म्हणून तिला वेळ जास्त वाटला.

परत येताना मागून कुणीतरी श्वास सोडल्यासारखा आवाज. सतत. गाडीत आम्ही दोघंच. मी बायकोला विचारलं, ऐकू येतंय का? ती म्हणाली, पंखा आहे, बॅटरीचा. मी म्हणालो मला माहितीये. माहितीच होतं. मानेवरचे केस उभे राहतात त्याला माहिती काय करणार.

२९ सप्टेंबर, रविवार

तालीम रद्द. टायरमधली हवा संशयास्पद वाटली.

५ ऑक्टोबर, शनिवार

कुणालाही काही झालेलं नाही.

५ ऑक्टोबर, दुपार

आता लिहिता येतंय. कारखान्यातल्या अहवालाच्या पद्धतीने लिहितो म्हणजे भावना मध्ये येणार नाहीत.

स्थळ आमच्या इमारतीखालचं पार्किंग. वाहन रिव्हर्समध्ये घेतलं जात होतं. वाहनाच्या मागे एक महिला उभी होती. वाहन अत्यंत कमी वेगात असताना वाहनाचा मागचा बंपर सदर महिलेच्या गुडघ्याला लागला. महिला खाली बसली. वाहन थांबवण्यात आलं.

सदर महिला म्हणजे बायको.

कारण उघड आहे. बॅटरीवर असताना गाडीला आवाजच नसतो. माणसाला कळणार कसं? मांजरसुद्धा येताना एवढी चोरपावलांनी येत नाही. कंपनीने याचा गंभीरपणे विचार करायला हवा. सूचना चौथी, आणि खरं तर पहिली.

त्या क्षणी मी स्क्रीनकडे पाहत होतो हे नोंदवून ठेवतो. तिथे बॅटरीतून चाकाकडे जाणारा बाण उलटा जात होता, आणि तो का उलटा जातोय हे समजून घेणं सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक होतं. एसी चालू. काचा बंद. आणि बायको तिथे का उभी होती? तर मला दिशा दाखवायला. मीच तिला उभं केलं होतं.

तिने गाडीच्या डिकीवर थाप मारली तेव्हा मला कळलं. आरशात आधी ती होती, मग नव्हती. मग हात दिसला. फक्त हात.

तो हात डोळ्यांसमोरून जात नाहीये.

वर आल्यावर मी तिला कंपनीच्या या गंभीर त्रुटीबद्दल सांगायला लागलो. तिने गुडघ्यावर बर्फ धरला होता. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "गाडीला आवाज नसेल. मला होता ना? घसा बसला माझा ओरडून."

मग स्वतःच स्वतःच्या गुडघ्याला पट्टी बांधली. लोकांचे गुडघे बरे करणारी बाई.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सध्या ऑफिसला बसने जातो. गाडीला विश्रांती द्यावी, बॅटरी स्थिरावते, असं कुठेतरी वाचलं आहे. कुठे ते आठवत नाही. गाडीवर कव्हर घातलं. कव्हरमध्ये गाडी आणखी मोठी दिसते. जिन्यातून उतरताना मी हल्ली दुसऱ्या बाजूने जातो, तो रस्ता सावलीचा आहे.

बायको कामावर लंगडत जाते. पेशंट विचारतात काय झालं. ती सांगते, पार्किंगमध्ये पडले. मला वाचवायला खोटं बोलते. मला वाचवायची काय गरज? दोष गाडीचा आहे. पण ती ओरडत नाही, टोमणा मारत नाही, यानेच मी हल्ली डबा तसाच परत आणतो.

लेकीने विचारलं, बाबा, तालीम नाही का या रविवारी. समितीचं काम आहे म्हणालो. समितीत मी एकटाच आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी ठरवलं, भिण्यासारखं काही नाही, नुसतं दार उघडून बसायचं. कव्हर काढलं. रिमोट दाबला. गाडी उघडेना. पुन्हा दाबला. नाही. काच वाजवली. (का, ते सांगता येत नाही. आत कोण होतं?)

सर्व्हिस सेंटरच्या बाई आल्या. त्यांनी सांगितलं की मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी बॅटरीही असते, साध्या गाडीत असते तशीच. दारं, दिवे, सगळा संसार तिच्यावर. गाडी नुसती उभी ठेवली की ती उतरते. म्हणजे पोटात हत्तीएवढी बॅटरी, आणि दार उघडायला ताकद नाही. ही मात्र खरीखुरी सूचना आहे, मोठीने छोटीला वेळेला चार घास द्यावेत. दोन लाखांना फोन केला, तेसुद्धा म्हणाले की हा मुद्दा बरोबर. मला फार बरं वाटलं. मग ते म्हणाले, पण आमची कधी उतरली नाही, आमची चालते.

बाईंनी रिमोटच्या पोटातून एक लपलेली किल्ली काढून दाखवली आणि सांगितलं की गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा. मी हो म्हणालो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

फिरवून आणण्याऐवजी मी गाडी जागेवरच सुरू करून तिच्यात पेपर वाचत बसतो. पार्किंग चारी बाजूंनी उघडं आहे हे आधी तपासलं. बॅटरी भरते, पेपर वाचून होतो, कुणाला धोका नाही. गाडीचा हा उपयोग कंपनीच्या जाहिरातीत का नाही?

आज लेक खाली आली. सावकाश, कठड्याला धरून. शेजारच्या सीटवर बसली. मी एअरबॅगबद्दल बोलणार होतो, पण गाडी उभी होती म्हणून सोडून दिलं. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर 'येथे गाडी लावू नये' असं लिहिलंय.

मग ती म्हणाली, "बाबा, तुला भीती वाटते का रे?"

मी म्हणालो, नाही. भीती नाही, याला सावधगिरी म्हणतात.

ती म्हणाली, "मला वाटते. फार. आईला सांगितलं नाही."

मी तिला धीर दिला. हॉस्पिटलमध्ये आपत्कालीन दरवाजे किती आणि कुठे आहेत ते सांगितलं. जनरेटरची क्षमता सांगितली, मी स्वतः विचारून आलो होतो. ती आधी हसली, मग रडली, मग मला तिच्या पाठीवरून हात फिरवायला लावला. त्याच वेळी इंजिन सुरू झालं आणि मी दचकलो. माझा हात तिच्या पाठीवर असल्यामुळे तीही दचकली. मग पोटातलं बाळ दचकलं, म्हणे. तिने माझा हात धरून तिथे ठेवला. लाथ लागली.

गाडीबद्दल आज सूचना नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

सुरू झालं. तारखेच्या आधी. मी गाडी काढायला खाली चाललोय. बॅग तयार. मी शांत आहे. डाव्या पायात उजवा बूट घातला होता, बदलला.

२६ ऑक्टोबर, हॉस्पिटलचा कॉरिडॉर

आत घेतलं तिला. काही कळत नाहीये. काय झालं ते लिहितो, नाहीतर हात रिकामे राहतात.

गाडीत बसलो. बटण दाबलं. काहीच नाही. शांतता. हायब्रिड शांतच असते, म्हणून गाडी सुरू झाली असं समजून गिअर टाकला. हलेना. म्हणजे सुरू झालीच नाही, म्हणून पुन्हा बटण. स्क्रीन लागली. पुन्हा बटण. स्क्रीन गेली. माझे पाय लटपटत होते, दोन्ही, एखादं शिलाई मशीन चालवावं तसे. वरून बायकोचा आवाज, आलास का. मी म्हणालो आलो. बटण. स्क्रीन. बटण. घामाने बटण निसटायला लागलं. मला वाटलं गाडी मुद्दाम करतेय. गाडीने गुडघ्याचा तो दिवस लक्षात ठेवलाय.

त्या दोघी फाटकाशी येऊन उभ्या होत्या. लेकीने एका हाताने फाटक धरलेलं. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती लंगडत रस्त्यावर गेली आणि येणाऱ्या पहिल्या गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. गाडी होती लॉन्ड्रीची. मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे. लेकीला त्यावर आडवं केलं आणि गेल्या. उड्डाणपुलावरून गेल्या असणार. मोठ्या चौकातून.

मी आत बसलेलो. सीटबेल्ट लावून.

मग बसने आलो. बसमध्ये उभा राहिलो, बसायला जागा होती तरी.

आतून ओरडण्याचा आवाज येतोय. तिचाच का, कळत नाही. मला नको आहे ऐकायला, आणि थांबला तर अजून वाईट. आपत्कालीन दरवाजे सगळे दिसतायत. त्यातल्या एकाचाही उपयोग नाही.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ

नात. दोघी सुखरूप.

मला तिला हातात घ्यायला सांगितलं. मी भिंतीला पाठ टेकून, खाली बसून, मग घेतली. एवढी हलकी वस्तू एवढी जबाबदारीची असू शकते, याची कल्पना नव्हती.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सर्व्हिस सेंटरच्या बाईंनी गाडी तपासली. दोष काही नाही. गाडी सुरू करताना ब्रेकवर पाय दाबून धरावा लागतो. माझा पाय ब्रेकवर नव्हता, असा त्यांचा दावा आहे.

मी म्हणालो, होता. त्या म्हणाल्या, मग नीट दाबला नसेल, घाईत होतं असं. घाई हा शब्द त्यांनी वापरला. चांगल्या बाई आहेत.

सूचना. ज्याचे पाय थरथरतात (थंडीने, वगैरे) अशा मालकासाठी वेगळी सोय हवी.

३० ऑक्टोबर, बुधवार

परवा दोघींना घरी आणायचं. बायको म्हणाली टॅक्सी सांगू, दोन लाख येतो म्हणालेत. मी म्हणालो नाही. आवाज जरा चढला असावा. ती म्हणाली, बरं.

तयारी. स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात 'ब्रेक'. बाळाची सीट मागे, नियमाप्रमाणे उलट्या तोंडाने, इतकी घट्ट बांधली की सोडवायला पाना लागेल. मधला आरसा असा लावला की फक्त मागचा रस्ता दिसेल, मागची सीट नाही. बाळाकडे लक्ष गेलं की समोरचं लक्ष जातं. संकल्प असा की नजर समोर. काहीही झालं तरी समोर.

आज संध्याकाळी एकटा चौकापर्यंत जाऊन आलो. मोठ्या चौकापर्यंत. ओठ चावला गेला, बाकी ठीक.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. मी केलं. सविस्तर लिहितो. हा दिवस नोंदवण्यासारखा आहे.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये गाडी लावली. ब्रेक दाबून धरला. सुरू. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मागचं दार उघडलं, काहीतरी ठेवल्याचा आवाज, बायको कुणाशी तरी बोलतेय, नर्स असावी. दार धाडकन बंद झालं. मी म्हणालो, बसलात? उत्तर आलं नाही. बाळ झोपलं असणार, म्हणून बोलत नसतील. निघालो. अलगद. गाडीचा जरासुद्धा आवाज नाही. पहिल्यांदाच या शांततेचं कौतुक वाटलं. झोपलेल्या बाळासाठी याहून चांगली गाडी नाही. सूचना चौथी मागे घ्यावी का, असाही विचार आला.

लगेच स्क्रीनवर फोन वाजायला लागला. लेकीचं नाव. ही मागे बसून मला फोन का करतेय? बाळाला घेताना बटण दाबलं गेलं असणार. मी लाल खूण दाबून बंद केला. पुन्हा आला. पुन्हा बंद. मग बायकोचा. तिच्या पर्समध्येही तसंच होतं, नेहमीच होतं. सूचना. मागच्या सीटवरचा फोन पुढे वाजू नये, ड्रायव्हरचं लक्ष विचलित होतं. शेवटी आवाजच बंद केला.

मी मोठ्या चौकातून गेलो. समोरच्या गाड्या कापून वळलो. उड्डाणपूल चढलो. वरती ट्रॅफिक तुंबलं आणि चढावर थांबावं लागलं. पुढे ट्रक, मागे ट्रक. बॅटरीचा पंखा श्वास घेत होता. पाय थरथरायला लागला. मागे तिघी जणी, आणि ब्रेकवर माझा हा पाय. गाडी मागे सरकली तर. मला बायकोचा तो हात दिसायला लागला.

आणि मी बोलायला लागलो. समोर बघत. मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण बाळ उठणार नाही असं. म्हणालो की मला भीती वाटते. गाडी घेतली त्या दिवसापासून वाटते. गाडीच्या आधीपासून वाटते. लेक पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हा मी कामाचं निमित्त काढून आत गेलो होतो, कारण मला तिला पडताना बघवलं नसतं. बायकोला म्हणालो, त्या दिवशी मी आरशात बघत नव्हतो, तुझा आवाज आला नाही कारण मीच सगळं बंद करून बसलो होतो, दोष गाडीचा नव्हता. तुझा गुडघा दुखतो तेव्हा मला झोप लागत नाही. आणि त्या सकाळी पाय ब्रेकवर नव्हता. नव्हताच. मला माफ करा.

मागे कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. अशा वेळी शब्द सुचत नाहीत. त्या शांततेत मला इतकं हलकं वाटलं की ट्रॅफिक सुटलं आणि पूल कधी उतरलो कळलंच नाही. आयुष्यात एवढी चांगली गाडी मी चालवलेली नाही.

घरी पोहोचलो. उतरलो, मागे गेलो, दार उघडलं.

हॉस्पिटलची बॅग. दुपटं. बाळाची रिकामी सीट. बाकी कुणी नाही.

बॅग ठेवून दार लावलं आणि त्या दोघी नर्सकडून बाळाची टोपी घ्यायला दोन पावलं मागे वळल्या, तेवढ्यात मी गेलो, असं नंतर कळलं. गाडीचा आवाजच आला नाही म्हणे. लेकीने हाक मारली, बायको त्याच गुडघ्याने फाटकापर्यंत धावली.

दोन लाखांच्या टॅक्सीतून तिघी आल्या. मी खाली फाटकाशीच उभा होतो. काय बोलावं ते ठरवलं होतं. पुलावर जे बोललो तेच, तसंच पुन्हा बोलायचं. शब्द सगळे पाठ होते. बायको उतरली. मला वाटलं आता काही खरं नाही. पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसायला लागली आणि पायरीवर बसली. गुडघा धरून.

लेक बाळाला घेऊन माझ्यासमोर आली. सांभाळून माझ्या हातात दिली. मी उभाच होतो, भिंत नव्हती, तरी घेतली.

ती म्हणाली, "पुलावरून एकटाच आलास बाबा? भीती नाही वाटली?"

मी म्हणालो, छे.